अक्काची किडनी आणि मामांचा काढा

अक्काने मला तिची एक किडनी दिली आणि नांदेडच्या आमच्या घरी नातेवाइकांची रीघ लागली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, आणि ते हमखास प्रतिकारशक्ती वाढवणारं. डॉक्टर तर माझी प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन कमी करत होते. दुसऱ्याचा अवयव, मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना, शरीराला ओळखू येतो आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. हे सांगून सांगून बायकोचा घसा बसला. लोक मान डोलवायचे आणि च्यवनप्राशची बरणी ठेवून जायचे.

मामा आले ते लातूरहून, स्वतःच्या गाडीने. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी क्लास काढला होता. आता त्याची मोठी इमारत झालीय आणि दर्शनी भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो आहेत. मामा शिकवतात जीवशास्त्र. टेकल्या टेकल्या त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

"गुळवेलीचा काढा. अस्सल हाय. घे."

"मामा, मला चालत न्हाई. प्रतिकारशक्ती वाढली तर किडनी जाईल."

"ते मला शिकवू नको. अवयव बसवल्यावर प्रतिकारशक्ती दाबावी लागते, हे पोरांकडून मीच घोकून घेतो."

"मग?"

"ते पेपरात. हे घरातलं हाय."

त्यांनी काढा वाटीत ओतला. मामांना नकार द्यायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती. बायको माझ्याकडे बघत राहिली, मी वाटीकडे.

अक्का अजून आमच्याकडेच होती. टाक्यांवर हात दाबत ती आतल्या खोलीतून बाहेर आली.

"मामा, वाटी खाली ठेवा. पोट त्याचं असंल, किडनी माझी हाय."

"अगं, त्याच्या भल्यासाठीच सांगायलो ना."

"एवढं भलं असंल तर तुम्ही प्या."

मामांनी हसून बघितलं. अक्का हसली नाही. शेवटी त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि कडूपणाने त्यांचं तोंड वाकडं झालं. जाताना दारात बायकोला म्हणाले, "ऑपरेशननंतर बायका चिडचिड्या होतात. सांभाळून घ्या."

आम्ही लई शहाणे झालो, ही बातमी मुदखेडपर्यंतच्या सगळ्या नात्यात फिरली. येणारे कमी झाले, आणि मला दुपारची झोप लागू लागली. पुढच्या तपासणीत किडनी ठणठणीत निघाली, तसं मी मामांना फोनवर कळवलं.

"छान, छान," ते म्हणाले. "बरं, पोरीला क्लासला कधी धाडतोस?"

पोरगी तेव्हा चौथीत होती.