झाइगाची बत्तिशी

रीगा शहरातल्या एका स्टुडिओत झाइगा रोज आठ तास जुगाराचं उभं चाक हाताने फिरवायची. हाताने अशासाठी, की इंटरनेटवरून खेळणारे जगभरचे लोक यंत्राला चोर समजतात आणि बाईला नशीब. चाक फिरत असताना तोंड मिटायची सोय नव्हती. पडद्यावर कुणी काहीही लिहो, त्याचं नाव घेऊन हसून उत्तर द्यायचं. जरा गप्प बसली की कानातल्या यंत्रातून साहेब खेकसायचा, "बोला, झाइगा! दात दिसू द्या!"

घरी आली की मात्र बाईच्या तोंडाला कुलूप. नवरा गुंटार्स विचारायचा, "अगं, सूप कसं झालंय?" उत्तर नाही. "रविवारी तुझी आई येणारेय का?" ही आपली मान खाली घालून राईचा पाव चावतेय.

शेवटी एका संध्याकाळी गुंटार्स भडकला. "तिकडे वीस सेंट लावणाऱ्या टिकोजीरावांना विचारतेस, जेवलात का म्हणून! मग मी कोण?" त्याने खिशातून वीस सेंटचं नाणं काढलं आणि तिच्या ताटलीशेजारी आपटलं.

झाइगाने मान वर केली. बत्तिशी लखलखली.

"स्वागत आहे, गुंटार्स! आज कुठून खेळताय?"