खळ्याच्या काठावर

युद्ध माणसातला राक्षस जागा करतं, असं मी एकेकाळी ठामपणे मानत असे. हे ज्ञान पुस्तकातलं. भूम तालुक्यातल्या एका गावी मी शाळामास्तर म्हणून एकटाच राहत होतो. पुस्तकांखेरीज सोबत होती ती एका म्हाताऱ्या हवालदाराची. पलटणीतून पेन्शनीत आलेला, मागेपुढे कुणी नसलेला. संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसे. आम्ही फारसं बोलत नसू. पण एकट्यानं गप्प बसण्यापेक्षा ते बरं वाटे.

चीनच्या लढाईनंतर गावोगाव जवानांच्या सत्काराची साथ आली. आमच्या सरपंचांनाही ती लागली. हवालदाराला शाल-नारळ द्यायचा आणि त्यानं पोरांना पराक्रम सांगायचा, असं ठरलं.

"मास्तर, मला ह्यातून सोडवा," तो म्हणाला.

"लाजता कशाला?"

"पोरं इचारतील, लढाईत काय केलं. खरं सांगू व्हय?"

मग त्यानं मला सांगितलं. इंग्रजांच्या वेळची लढाई, परमुलखातलं एक गाव, दिवस सुगीचे. गाव शत्रूला धान्य पुरवतं असा संशय, म्हणून खळी जाळायचा हुकूम.

"मान्साला हात लावा, असं कुणी म्हणलं न्हवतं. पर एकानं तिथल्या म्हाताऱ्याला बंदुकीचा दस्ता हाणला, मंग दुसऱ्यानं. म्याबी हाणला. राग न्हवता, मास्तर. समदे मारायलेत अन् म्या एकलाच उभा, ते लई वंगाळ वाटलं."

खळ्यात पायताण घालून जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. हा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं काठावर बूट काढून ठेवले, आत गेला, म्हाताऱ्याला मारलं आणि राशीला काडी लावली.

"शिक्षा झाली?"

"झाली की. पाठीवर वझं दिऊन उन्हात पळवलं. बूट काढले म्हणून."

मी राक्षस शोधत होतो. पायरीवर एकटं पडायला भ्यालेला माणूस बसला होता, रोज बसायचा तसाच.

मी सरपंचांना भेटलो. हवालदारांची तब्येत बरी नाही, सत्कार राहू द्या, म्हणालो.

"आता कसं राहू द्यायचं, मास्तर? तालुक्याचे पाहुणे यायलेत. मंडपाचं कापड आलंय."

सत्काराच्या दिवशी हवालदार सकाळच्या मोटारीनं बार्शीकडं निघून गेला. तिथं त्याचं कुणी नव्हतं. तो परत आला नाही.

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. शाल त्याच्या वतीनं सरपंचांनी पांघरून घेतली आणि भर दुपारच्या उन्हातही अंगावरून उतरवली नाही.