थोरल्या साडूंचं ग्रिल

आमच्या थोरल्या साडूंच्या घरी जितकं स्वच्छ लोखंड आहे तितकं अख्ख्या मराठवाड्यात कुणाकडे नसेल, आणि त्या लोखंडावर जितकं कमी अन्न शिजलं तितकं कमी दुसरीकडे कुठं शिजलं नसेल. हे लोखंड म्हणजे कोळशावर भाजण्याचं ग्रिल. तीन पायांचं, गोल झाकणाचं, काळंभोर. साडूंच्या ऑफिसातल्या एका हैदराबादच्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी निघताना घरातलं सामान वाटून टाकलं. कुणी कूलर उचलला, कुणी दिवाण. साडूंनी हे उचललं, तेही स्वतः पक्के शाकाहारी असताना. लातूरच्या त्यांच्या घरामागच्या अंगणात ते टेम्पोतून उतरलं तेव्हा शेजारचे गुरुजी कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "नवा बंब का? किती घागरी पाणी तापतंय?" साडू म्हणाले, "ह्याला पाणी लावायचंच नसतंय." गुरुजींनी मान डोलावली. "मग लातूरसाठी बरंय," म्हणाले आणि पेपर वाचायला आत गेले.

साडूंची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ तिथंच आहे. आमच्या भागातल्या धरणाचे दरवाजे वर्षभर पुसायचे, वंगण घालायचं, खिळा-बोल्ट तपासायचा, आणि ते उघडायची वेळ कधी येते म्हणून आभाळाकडे बघत बसायचं. अशा नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला वस्तू वापरण्यापेक्षा ती वापरण्याजोगी ठेवण्यातच जास्त गोडी वाटू लागते. दर रविवारी आंघोळीच्या आधी साडू जुनं बनियन घालून अंगणात उतरत. आधी राख काढायची, कारण राख ओल धरते आणि ओल गंज आणते. मग तारेच्या ब्रशनं जाळी घासायची. मग काट्याला अर्धा कांदा टोचून तो जाळीवरून फिरवायचा. मग लोहचुंबक फिरवायचा, ब्रशची एखादी तार तुटून अडकली असेल तर ती पाहुण्याच्या घशात जाऊ नये म्हणून. वास्तविक पाहुण्याच्या घशात तारच काय, मक्याचा दाणा जाण्याचीही धास्ती नव्हती. शेवटी करडईच्या तेलाचा हात. हा हात फिरताना आमची मेव्हणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून न चुकता म्हणायची, "मला फोडणीला तेल जपून घाल म्हणतेत, अन् त्या काळतोंड्याला करडईचं!"

त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे उपवासाची तयारी ठेवून जाणं. हुरड्याच्या दिवसांत त्यांनी एकदा आम्हाला नांदेडहून मुद्दाम बोलावलं. गावाकडून कोवळी कणसं आली होती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं मांडून ठेवलेलं. गावाकडे आगटीत गोवऱ्या पेटवून कणसं खुपसली की पाच-दहा मिनिटांत हातावर गरम हुरडा येतो. इथं साडूंनी आधी कोळसे एकसारखे पेटले का ते बघितलं. मग झाकणावरची भोकं दाभणानं साफ केली. मग जाळी तापल्यावर पुन्हा घासली, कारण "खरा मळ तापल्यावरच सुटतोय, माणसाचाबी अन् लोखंडाचाबी." आमच्या हिनं तोवर चटणी नुसतीच खाऊन संपवली होती. हुरडा एकदाचा मिळाला, चांगला होता, नाही म्हणणार नाही. पण दुसरा घास तोंडात जातो न जातो तोच साडू ब्रश घेऊन उभे. "गरम हाय तोवरच निघतंय," म्हणाले, आणि उरलेली कणसं तशीच हिरवी टोपल्यात राहिली. ती आम्ही नांदेडला आणून गॅसवर भाजली. साडूंचं एक वाक्य मात्र ठरलेलं. ते म्हणायचे, "खायला कुनालाबी येतंय. मागचं आवरायला येतंय का, ते बोला."

हे वाक्य नुसतं आमच्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पुढं त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, अश्विनीला, स्थळं येऊ लागली आणि साडूंनी ते होऊ घातलेल्या जावयांना लावायला सुरुवात केली. पत्रिका, पगार, घरदार यांची चौकशी मेव्हणी करायची. साडू मुलाला अंगणात न्यायचे. एक मुलगा पुण्यात मोठ्या नोकरीला होता. त्यानं भाजलेलं कणीस चवीनं खाल्लं आणि हात ग्रिलच्या कव्हराला पुसले. ते कव्हर साडूंनी स्वतः ताडपत्री आणून शिवलं होतं. मोटारसायकल उन्हापावसात उघडीच असायची, पण ग्रिलला कव्हर होतं. दुसरा मुलगा नांदेडजवळच्या लोह्याचा, प्राध्यापक. त्यानं ग्रिल निरखून बघितलं आणि अगदी आपुलकीनं सल्ला दिला, "काका, रातभर सोड्याच्या पाण्यात भिजवून ठेवा." साडू तडक आत आले आणि मेव्हणीला हळूच म्हणाले, "पोहे करायलीस का? ऱ्हाऊ दे. चहावर भागव."

मेव्हणी रडकुंडीला आली होती. तिला वाटायचं, हा माणूस ग्रिलपायी पोरीला घरात ठेवणार. मलाही तसंच वाटायचं. पण आमची ही म्हणायची, "भाऊजींना ग्रिलचं काही नाही हो. त्यांना पोरगी द्यायचीच नाही, म्हणून ब्रश आडवा घालतात." बायका अशा गोष्टी आपल्याआधी ओळखतात. अश्विनी लहानपणापासून रविवारी बापाशेजारी बसायची. तो घासायचा, ती कांदे कापून द्यायची आणि आठवड्याभराच्या शाळेतल्या गोष्टी सांगायची. साडू एरवी चार शब्दांचे धनी, पण त्या वेळी "मग? मग काय झालं?" करत तासतासभर ऐकत.

एम.एस्सी.ला अश्विनी नांदेडला आमच्याकडेच राहिली. तिथं तिच्या वर्गात देगलूरचा वेंकटेश होता. घरी ज्वारीची शेती, गावात धान्याचं दुकान, मुलगा सालस. प्रकरण कळलं तेव्हा अश्विनी तिच्या मावशीला म्हणाली, "पप्पा नको म्हणाले तर मी नाही करणार. पण मग दुसऱ्या कुणाशीबी नाही करणार." बापाची लेक ती, बोलल्याप्रमाणे वागणारी. आम्ही दोघांनी मध्यस्थी करून देगलूरच्या मंडळींना लातूरला आणायचं ठरवलं. गाडीत मी वेंकटेशला समजावलं, "हात कव्हराला पुसू नकोस. सोड्याचं नाव काढू नकोस. बाकी देव आहे."

त्या दिवशी वांगी भाजली, कणसं भाजली, पनीरसुद्धा भाजलं. सगळं मागच्या अंगणातच खाल्लं. वेंकटेशची आई तेलुगू वळणाच्या मराठीत मेव्हणीशी भरताच्या गप्पा मारत होती. वेंकटेशनं हात रुमालाला पुसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. साडू बडीशेप आणायला आत गेले. नेमकं तेवढ्यात वारं सुटलं आणि ग्रिलमधून दोन-चार ठिणग्या उडाल्या. वेंकटेश उठला, पाण्याची घागर उचलली आणि तापलेल्या जाळीवर भडाभडा रिकामी केली. वाफेचा लोट उठला आणि त्यातून टण्ण असा आवाज आला. जाळी मधोमध तडकली होती.

"अय्यो, एमैंदी?" म्हणत वेंकटेशची आई उभी राहिली. काय झालं ते दारात बडीशेपेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या साडूंच्या तोंडाकडे बघून सगळ्यांनाच कळलं. मी मनातल्या मनात परतीची गाडी काढली. तेवढ्यात अश्विनी पुढं झाली आणि म्हणाली, "पप्पा, मीच सांगितले त्यांना. पानी ओत म्हणून."

साडूंनी तिच्याकडे बघितलं. तापल्या लोखंडावर पाणी घालायचं नाही, हे या पोरीला अक्षरओळखीबरोबर आलेलं. ती असं सांगणं शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. बापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती.

"न्हाई मामा," वेंकटेश म्हणाला. "त्या काय बोलल्या न्हाईत. मीच ओतलो. आमच्याकडं कडब्याची गंजी जवळ असतीय, विस्तव इझवल्याबिगर कुनी उठत न्हाई. सवय हाय. जाळी मी भरून देतो."

साडूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा अश्विनीकडे. मग ताट खाली ठेवलं, बोटानं तडा चाचपून बघितला आणि वेंकटेशच्या वडिलांना म्हणाले, "व्याही, मुहूर्त बघा." एवढंच. बडीशेप वाटली आणि आत निघून गेले. ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मेव्हणी मात्र आनंदानं त्या तडकलेल्या जाळीला हळदकुंकू लावायला निघाली होती.

लग्नात रुखवत मांडलं तेव्हा लाडू-करंज्यांच्या ताटांमध्ये मधोमध ग्रिल उभं होतं. साडूंनी वेल्डिंगवाल्याकडून सळयांची नवी जाळी करून घेतली होती, झाकण चकचकीत पुसलं होतं. वऱ्हाडातल्या एका आजीनं तो कसला तरी नवा देव समजून नमस्कार केला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "साडू, काळजाचा तुकडा देऊन टाकलात?" त्यांना मी ग्रिलबद्दल विचारतोय असं वाटलं की कशाबद्दल, कोण जाणे. त्यांनी तोंड फिरवलं आणि मांडववाल्यावर उगीचच ओरडायला लागले.

त्यांच्या घराण्यात जुनी रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, आणि काम असल्याशिवाय जायचंही नाही. साडू अशा रीती मोडणाऱ्यांपैकी नव्हेत. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एका कामासाठी देगलूरला गेलो, अश्विनीच्या घरी डोकावलो, तेव्हा अंगणात जुनं बनियन घालून बसलेले साडू बघून मी चाटच पडलो. शेजारी स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा. विहीणबाई म्हणत होत्या, "दोन घास तरी खावा की." साडू मान वर न करता म्हणाले, "मी पाहुना म्हणून आलो न्हाई. ह्याच्या सर्व्हिशिंगला आलोय. दिलेल्या वस्तूचा जिम्मा देणाऱ्याचा असतोय."

जाळीची अवस्था भयंकर होती. वांग्याची सालं चिकटलेली, तेल गोठलेलं, राख तशीच. मला आश्चर्य वाटलं. चहा करायला अश्विनी आत गेली तेव्हा मी तिच्या मागं जाऊन विचारलं, "अगं, तुझ्या हातून अशी घाण?"

ती चहाकडे बघत म्हणाली, "काका, पप्पा यायच्या आधी शनिवारी मुद्दाम वांगे भाजून तसंच ठेवते मी. चांगलं दिसलं की पप्पा तासाभरात निघतेत." मग तिनं डोळे पुसले, कांदा कापून घेतला आणि बाहेर जाऊन बापाशेजारी पायरीवर बसली. मी दारातच उभा राहिलो. ही असती तर मला म्हणाली असती, "बघा, मी सांगत नव्हते?"

संध्याकाळी उदगीरपर्यंत मी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. मला नांदेडला जायचं होतं, म्हणजे दुसऱ्याच वाटेला, पण त्यांना एकट्याला सोडवेना. ते हाताची काळी नखं काडीनं कोरत होते. मग म्हणाले, "साडू, पोरगी ग्रिल लई घाण ठेवायली. महिन्याला येऊन भागंना. आता पंधरा दिवसाला यावं लागतंय."

"यावंच लागंल," मी म्हटलं.