मापाची वही

"हात वर. श्वास सोडा. पोट आत वढू नगासा, बाई. मला फशिवशीला, ब्लाऊजला कसं फशिवणार?"

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या मावशींचं हे स्वागत. शाळेत पंचवीस वर्षं मी पोरांना दरडावत आले. पण मावशींनी गळ्यातली टेप हातात घेतली, की निमूट हात वर करायची. कोण सुटलं, कोण काळजीनं वाळलं, कुणाला दिवस गेलेत, हे त्यांना घरच्यांआधी कळायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. तिच्यापुढं खोटं बोलून बघा.

या बाईंनी स्वतःचं माप मात्र कधी घेतलं नाही. "माझं मला पाठ हाय की!" डावीकडं ब्लाऊज आवळायला लागला, तेव्हा त्यांनी शिवण उसवून अर्धा इंच सैल केली. दोन महिन्यांनी परत उसवली. तिसऱ्यांदा सोडायला शिवणीत कापडच उरलं नाही, तेव्हा दवाखान्यात गेल्या. सोबत मी होते.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं. कॅन्सरची गाठ आहे, मोठी आहे. आधी सलाईनमधून औषधं देऊन लहान करू. पुरेशी आटली तर नुसती गाठ काढून किरणांचा शेक देता येईल; नाहीतर सगळा स्तन काढावा लागेल. मावशींनी ऐकून घेतलं. "लवकर आलो असतो तर?"

"तर बहुतेक नुसत्या गाठीवर भागलं असतं."

"म्हंजे येळ हुता, तवा मी शिवण उसवत बसलो," मावशी म्हणाल्या.

गल्लीत उपायांना तोटा नव्हता. मलकापूरकडचा एक मुळी देणारा, पपईच्या पानांचा रस, नृसिंहवाडीला अकरा पौर्णिमा. आपल्या उपायानं गुण येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ती फक्त डॉक्टरांना होती. मावशी सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणाल्या, एकदा वाडीला जाऊन आल्या आणि प्रसाद पिशवीत ठेवून सलाईन लावून घ्यायला गेल्या. केस गेले, गाठ पुरेशी आटली नाही. सगळं काढलं.

परत मशीनवर बसल्यावर त्यांनी नवा नियम काढला. चाळिशीपुढची बाई आली, की "आदी डॉक्टरला दाखवून या, मग माप." गिऱ्हाइकं चिडली, दोन-चार तुटली.

मी शहाणी. "दाखवून आले," म्हटलं. खरं तर मला भीती वाटत होती, आणि तपासायच्या पेपरांचं निमित्त आयतंच होतं. मावशींनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, माप घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना फसवणारी गल्लीतली मी पहिलीच, या खुशीत घरी आले.

पुढं वर्षभरात दुखणं हाडांत उतरलं. मावशी गेल्या. मला ते फार जड गेलं.

महिन्याभरानं त्यांची सून दारात आली. सासूबाईंच्या वहीतली पानं ती जिची तिला देत फिरत होती. "नव्या टेलरला दावा, बाई. माप नीट हाय."

छाती, कंबर, बाही, सगळं होतं. आणि खाली, त्यांच्या तिरक्या अक्षरात:

"बाई खोटं बोलल्या. भ्याल्यात. पुढच्या टायमाला संगं जाणे."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात एकटीच गेले.