खिळ्यावरची कानस

कर्जतच्या बाजारातल्या आमच्या दुकानात पेट्या, पखवाज, तबले दुरुस्त होतात. विकलं फार कमी जातं. पण माणसं एकदा बसली की उठत नाहीत. पोशीरचे भजनी, लोधिवलीच्या बेंजो पार्टीतले दोघे, शाळेतून निवृत्त झालेले संगीताचे मास्तर, असे सात-आठ जण सकाळी दहापासून बाकावर ठाण मांडून असतात. कुणाचा गळा बसला, कुणाच्या सप्ताहात कोण बेसूर गायलं, सगळं तिथेच कळतं. लहानपणी मला ते नातेवाईकच वाटायचे. आता चाळिशीला टेकल्यावर वाटतं, नातेवाईक निदान अधूनमधून रुसतात तरी.

दुकानाचा एक रिवाज आहे. दुरुस्त झालेली पेटी तशीच हातात द्यायची नाही. वडील उठतात, भाता मारतात, सगळ्या सुरांवरून बोटं फिरवतात आणि म्हणतात, "लागली." मग बाकावरचे सगळे त्या पेटीवर एक गजर म्हणतात आणि त्यानंतरच ती पायरी उतरते. वडिलांचं "लागली" म्हणजे पंचक्रोशीत शेवटचा शब्द.

पाच-सहा वर्षांपूर्वी वडिलांचे कान गेले. एकदम नाही, आधी बारीक सूर गेले, मग माणसांचे आवाज. डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण त्यातून सूर फाटका ऐकू येतो म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं. मला एवढंच म्हणाले, "बाजारात कळता कामा नये." मग आम्ही खूण ठरवली. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्या कानसीने घासून सूर मी मिळवायचे. मिळाले की कानस मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. वडील खिळ्याकडे बघणार आणि म्हणणार, "लागली."

तेव्हापासून मी अडकलो. सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला गेलो तो अक्षता टाकून परत. ताप असला तरी दुकानात. पुण्यात जुने पियानो दुरुस्त करणारं एक मोठं दुकान आहे, तिथून मला दोनदा बोलावणं आलं. पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा, गेल्या वर्षी, त्यांनी सोमवारपर्यंत कळवा म्हणून सांगितलं. मला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण मी गेलो की वडील दुसऱ्याच दिवशी चारचौघांत उघडे पडणार. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या शनिवारी पोशीरच्या मंडळाची पेटी हातात होती आणि डोक्यात पुणं. चहा आला. मी कप घ्यायला उठलो आणि सवयीने कानस खिळ्याला अडकवली. मधला पंचम अजून उतरलेलाच होता, चांगला उतरलेला. माझ्या लक्षात यायच्या आत वडील उठले, भाता मारला, बोटं फिरवली. पंचम कण्हत बाहेर आला.

"लागली," वडील म्हणाले.

संपलं, असं मला वाटलं. बाकावर मास्तर होते. रिक्षाचा हॉर्न काळी दोनमध्ये की पांढरी चारमध्ये यावर तासभर भांडणारा हा माणूस. त्यांनी शांतपणे मान डोलावली. पखवाजावर थाप पडली आणि सातही जणांनी त्या उतरलेल्या पंचमाला गळा जुळवून अख्खा गजर म्हटला. एकाचीही भुवई हलली नाही.

मंडळाचे पखवाजवाले बुवा पायरीवर चपला घालत होते. मी त्यांना गाठलं.

"बुवा, पेटी लागली नव्हती."

"ठावं हाय रं. ऱ्हाऊ दे हितंच, उद्या नेतो. नीट कर."

"मग बोलला का नाय?"

"काय बोलायचं? तुज्या बापाला ऐकू येत नाय, हे चार वर्सं झाली आमाला ठावं हाय. आमी बी खिळ्याकडंच बघतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमाला ठावं हाय हे तुला कळलं आसतं तर तू गेला आसतास. मंग आमी बसायचं कुटं?"

मला संताप आला. मी जीव मुठीत धरून जे झाकत होतो, ते बाकावरच्या प्रत्येकाने कधीच बघितलं होतं. आणि रोज माझ्याच दुकानात चहा पीत मला कोंडून ठेवलं होतं.

सगळे गेल्यावर मी वडिलांसमोर बसलो. ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणालो, "बाबा, त्यांना सगळं ठावं हाय."

ते फडक्याने पेटी पुसत होते. "मला ठावं हाय ते," म्हणाले. "लय दिस झाले."

"मग मला का नाय सांगितलं?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "तू ऱ्हायला आसतास?"

नसतो राहिलो. तसं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, पण मान खाली होती. त्यांना ओठ दिसले नाहीत. मग पेटी उघडली, पंचमाची पट्टी काढली आणि घासायला घेतली. वडील उभे राहून खिळ्याकडे बघत होते. दुकानात आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. सूर लागला. मी कानस अडकवली.

"लागली," ते म्हणाले.