सगळ्यांत मंद पायरी

"उभी ऱ्हा गं, लोह्याची."

सरांनी खडू माझ्याकडे रोखला होता. लातूरचा क्लास, हॉल गच्च भरलेला. रसायनशास्त्राच्या सरांनी नुकतंच दालमिलचं उदाहरण दिलं होतं. भरडायचं यंत्र कितीही पळू द्या, दाळ निवडणारीचा हात मंद असला तर पोती तिच्याच वेगानं भरणार. अभिक्रियेचंही तसंच. ती पायरीपायरीनं होते आणि सगळ्यांत मंद पायरी तिचा वेग ठरवते. मला समजलं होतं सगळं.

"ही आपल्या बॅचची मंद पायरी. हिच्यापायी सगळे अडून राहिलेत. अन् मेडिकलला हिचाच नंबर आधी. राखीव कोटा हाय ना."

हॉल हसला. शेजारी बसणारी, जिला मी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्यायचे, तीही हसली. त्या दिवसापासून माझं नावच मंद पायरी पडलं. तशी हाक आली की मी उभी राहायचे. लाज वाटायची. लाज वाटते याचाच जास्त राग यायचा.

दहावीपर्यंत मी लोह्याला मराठीतून शिकले. इथं सगळं इंग्रजीत. शब्दाशब्दावर पेन्सिलीनं अर्थ लिहीत वाचायचे, म्हणून वेळ लागायचा. असंच एकदा वाचताना कळलं, मंद पायरी मंद का असते. रेणू आळशी असतात म्हणून नाही. ती ओलांडायला सगळ्यांत जास्त ऊर्जा लागते म्हणून. तिथंच एक शब्द होता, थ्रेशोल्ड. डिक्शनरी उघडली. उंबरठा.

आधी हसू आलं, मग रडू. लातुरात खोली शोधताना मी आडनाव सांगितलं की बायका उंबरठ्यातूनच म्हणायच्या, खोली गेली. शेवटी जिनं दिली, ती प्यायचं पाणीसुद्धा उंबरठ्याबाहेर आणून देते. आई फोनवर बजावते, "बोलवल्याबिगर कुणाच्या आत जाऊ नको, बाई." आणि मी जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर आले. "मंद पायरी, उभी ऱ्हा."

मी उठले नाही. बसूनच बोलले.

"सर, पायरी उगंच मंद नसती. तिचा उंबरठा उंच असतो. आमचा कुणी बांधला, ते सांगा."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. मग त्यांनी खडू खाली ठेवला, ही जाईपर्यंत शिकवणार नाही म्हणाले. शेजारणीनं माझी बाही ओढली. पोर्शन बुडून राहिला, जा ना, म्हणाली. पण मी बाक सोडला नाही.

बॅच अडली. खरोखरच माझ्यामुळं अडली.

अडू दे. मंद पायरीच वेग ठरवते, हे सरांनीच शिकवलंय. उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी नाही.