शिशाला काय चिकटलंय?

बंदराच्या फळ्यावर हे वाचणाऱ्या मंडळींनो, पाण्याची खोली मोजायची दोरी, तिच्या टोकाचं शिसं आणि नवापूरच्या खडकांचा नकाशा, सगळं मी माझ्या हातांनी केलं. त्यावरच बोटींच्या पायलटांची परीक्षा घेतो.

आज मजुरांच्या बोटी चालवणाऱ्या कंत्राटदाराचा भाचा परीक्षेला आला. दोरी पाण्यात सोडून म्हणाला, "चार वाव खोल." बरोबर. शिशाच्या बुडाला मी चरबी लावतो, तळाला जे असेल ते चिकटून वर यावं म्हणून. विचारलं,

"शिशाच्या बुडाच्या चरबीला काय चिकटलंय?"

"ते कशाला बघायचं, काका?"

शिंपल्यांचा चुरा होता, म्हणजे खडक जवळ. उद्या हा चाळीस मजूर तारापूरला नेणार होता! नापास केला.

कंत्राटदार भडकला, "तुमी तरी कुठं शाळेत शिकला?"

"नाय शिकलो. म्हणून तर बुडाला काय लागलं ते बघतो."

त्याच्या परवान्यावर तुम्ही सही केली असती?

भाच्याला पास करण्याच्या बदल्यात कंत्राटदाराने देऊ केलेली आणि मी नाकारलेली नोकरी: त्याच्या सगळ्या बोटींचा कायम परीक्षक, महिना तीनशे रुपये.